पेनाच्या शेंडीवरचं बटण लिनक्सवर कामाला कसं लावायचं

आजचा भाग जरा तांत्रिक आहे. लिहून घ्यायची घाई करू नका, संपूर्ण स्क्रिप्ट नेहमीप्रमाणे संग्रहात ठेवलेली आहे. फक्त एक लक्षात ठेवा. संगणकावर टाइप करायचे शब्द मी इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिलेत. टाइप करताना ते इंग्रजी छोट्या अक्षरांत करायचे. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे मी मुद्दाम सांगेन.

विषय निघाला तो आपल्या एका श्रोत्या काकूंमुळे. त्या रविवारच्या मराठी शाळेत शिकवतात, तेही ऑनलाइन. पडद्यावर पेनाने ‘क’ गिरवून दाखवायचा, मुलांनी आपापल्या घरी वहीत गिरवायचा, असा त्यांचा वर्ग. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात पूर्ण बरा झाला, डावा झाला नाही. म्हणजे लिहिता येतं, पण लिहिता लिहिता दुसऱ्या हाताने कीबोर्डवरचं पान उलटायचं बटण दाबता येत नाही. दर वेळी पेन खाली ठेवायचं, बटण दाबायचं, पेन परत उचलायचं. त्यात बोटांची पकड सैल, पेन घरंगळतं. चाळीस मिनिटांच्या वर्गात हे पंचवीस-तीस वेळा. “वर्ग सोडून द्यावा असं वाटतं रे,” असं त्या फोनवर म्हणाल्या, तेव्हा मला विचारावंसं वाटलं, “काकू, तुमच्या पेनाला मागे बटण आहे का?”

होतं. जुन्या विंडोजवर ते दाबलं की टिपणवही उघडायची, एवढंच त्यांना आठवत होतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर आपल्याकडे बऱ्याच जणांनी जुने लॅपटॉप फेकण्याऐवजी त्यांवर लिनक्स चढवलं, तसंच काकूंच्या मुलानेही केलं. लिहिणं व्यवस्थित चालू झालं, पण ते मागचं बटण मुकं झालं.

मुकं का झालं, हे आधी समजून घेऊ. ते कळलं की पुढची युक्ती आपोआप पटते.

अशा पेनावर दोन प्रकारची बटणं असतात आणि दोघांचा मार्ग अगदी वेगळा असतो. पेनाच्या अंगावर, बोटाखाली येणारं जे बटण असतं ते पडद्यामार्फत बोलतं. पेनाचं टोक पडद्याजवळ असेल तरच पडद्याखालच्या संवेदकाला ते दाबल्याचं कळतं. पेनाच्या शेंडीवरचं बटण मात्र ब्लूटूथने बोलतं. त्याला पडद्याशी देणंघेणं नाही. ओळखायची सोपी खूण सांगतो: पेन घेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा आणि बटण दाबा. तिथूनही संगणकावर काही घडलं, तर ते ब्लूटूथचं. आजचं सगळं फक्त या शेंडीवरच्या बटणाबद्दल आहे. अंगावरच्या बटणासाठी केडीई प्लाझ्मासारख्या डेस्कटॉपमध्ये ड्रॉइंग टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये सोय असते, तिथे जा.

आता गंमत पुढे आहे. ब्लूटूथवर हे पेन संगणकाला ‘मी पेन आहे’ असं सांगतच नाही. ते म्हणतं, ‘मी एक कीबोर्ड आहे.’ छोटासा, एकाच बटणाचा कीबोर्ड. मायक्रोसॉफ्टने यासाठी ठरवलेली पद्धत अशी: एक टिचकी मारली तर पेन ‘विंडोज आणि एफ-२०’ ही दोन बटणं एकदम दाबल्याचं कळवतं. दोनदा टिचकी मारली तर ‘विंडोज आणि एफ-१९’. दाबून धरलं तर ‘विंडोज आणि एफ-१८’. आपल्या कीबोर्डवर एफ-१२ पर्यंतच बटणं असतात, पण कीबोर्डसाठी ठरलेल्या प्रमाण यादीत एफ-२४ पर्यंत जागा आहे. कुणाच्या हाताला लागणार नाहीत अशी बटणं म्हणून पेनासाठी ती निवडली. एक टिचकी की दोन हे पेन स्वतःच ठरवतं, आपल्याला ते मोजत बसावं लागत नाही.

मग लिनक्सला हे कळत का नाही? कळतं, पण चुकीचं कळतं. कर्नलपर्यंत एफ-२० व्यवस्थित पोहोचतं. त्याच्या वरच्या थरात, जिथे बटणाच्या क्रमांकाला अर्थ दिला जातो, तिथे एफ-२० चा अर्थ ‘मायक्रोफोन बंद’ असा लावला जातो. त्यामागे जुना इतिहास आहे. मायक्रोफोन बंद करायच्या बटणाला कर्नलमध्ये क्रमांक दिला २४८. जुनी एक्स ही चित्रप्रणाली प्रत्येक क्रमांकात ८ मिळवते. झाले २५६. आणि एक्सची मर्यादा २५५. एका आकड्याने हुकलं! मग लॅपटॉपवरच्या त्या बटणासाठी मोकळं पडलेलं एफ-२० उसनं घेतलं, आणि ती उसनवारी अजून फिटलेली नाही. एफ-१८ ला ‘लाँच’ गटातला एक अर्थ मिळाला, तर एफ-१९ ला कित्येक ठिकाणी काहीच अर्थ नाही. म्हणूनच तुम्ही डेस्कटॉपच्या शॉर्टकट सेटिंगमध्ये जाऊन पेनाचं बटण दाबून पाहिलंत, तर एका टिचकीला ‘सुपर आणि मायक्रोफोन म्यूट’ असलं विचित्र नाव दिसतं आणि दोन टिचक्यांना काही दिसतच नाही. पेन बिघडलेलं नसतं. (विंडोजच्या खुणेच्या बटणाला लिनक्सवाले ‘सुपर’ किंवा ‘मेटा’ म्हणतात, बटण तेच.)

शोधायला गेलात तर यावर एक उपाय बहुतेक ठिकाणी सुचवलेला सापडतो: पार्श्वभूमीला चालणारा एक छोटा प्रोग्राम लिहा, तो बटणांच्या फायलीवर नजर ठेवेल आणि एफ-२० आलं की हवी ती आज्ञा चालवेल. फाईल वाचायची परवानगी नाही असं संगणक म्हणाला, तर स्वतःला ‘इनपुट’ नावाच्या गटात घाला. चालतं हे. पण मी काकूंच्या संगणकावर ते केलं नाही आणि तुम्हीही सहसा करू नका असं सांगेन. त्या गटात गेलं की तुमच्या नावाने चालणारा प्रत्येक प्रोग्राम सगळ्या कीबोर्डांची सगळी बटणं वाचू शकतो. त्यात बँकेचा पासवर्डही आला. काकू याच लॅपटॉपवरून पुण्याला पैसे पाठवतात. पान उलटण्याच्या सोयीसाठी तिजोरीची किल्ली दाराला अडकवून ठेवण्यातला प्रकार झाला. की-डी सारखी तयार साधनं आहेत, चांगली आहेत, पण त्यांतून चालवलेली आज्ञा सहसा रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या नावाने चालते. पडद्यावर कोण बसलंय आणि पडदा कुलूपबंद आहे की नाही, हे तिला माहीत नसतं.

त्यापेक्षा साधा मार्ग असा की पेन जे बोलतं त्याचं भाषांतर अगदी दारातच करून घ्यायचं. लिनक्समध्ये यासाठी एक तक्ता असतो, त्याला हार्डवेअर डेटाबेस किंवा एच-डब्ल्यू-डी-बी म्हणतात. ‘अमुक उपकरणाकडून तमुक बटण आलं तर त्याला ढमुक समजा’ असं त्यात लिहिता येतं. फक्त त्या उपकरणापुरतं. मुख्य कीबोर्डला धक्का लागत नाही, मागे कोणताही प्रोग्राम चालत राहत नाही, आणि भाषांतर झाल्यावर आलेलं बटण डेस्कटॉपला ओळखीचं वाटतं. पुढची आज्ञा डेस्कटॉपच्या नेहमीच्या शॉर्टकट सेटिंगमधून चालवायची.

आता प्रत्यक्ष करू या.

आधी पेन जोडणं. शेंडीवरचं बटण पाच-सात सेकंद, दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा आणि ब्लूटूथच्या सेटिंगमधून जोडा. सेटिंगमध्ये अडलं तर टर्मिनलमध्ये ‘ब्लूटूथसीटीएल’ उघडून ‘स्कॅन ऑन’, मग पेनाचा पत्ता देऊन ‘पेअर’ आणि त्यानंतर ‘ट्रस्ट’. हे ‘ट्रस्ट’ विसरू नका. बॅटरी वाचवायला पेन सारखं झोपतं आणि बटण दाबलं की जागं होऊन स्वतःहून जोडणी मागतं. विश्वास दिलेला नसेल तर संगणक दर वेळी दारातच विचारपूस करत बसतो. त्याच लॅपटॉपवर विंडोजही ठेवलं असेल, तर एकीकडे पेन जोडलं की दुसरीकडची जोडणी तुटते, तेही ध्यानात असू द्या.

मग पेन नक्की काय बोलतं ते ऐकायचं. त्यासाठी ‘ईव्हीटेस्ट’ नावाचं साधन आहे: ई, व्ही, टी, ई, एस, टी. तुमच्या वितरणाच्या सॉफ्टवेअर भांडारातून ते बसवा आणि टर्मिनलमध्ये ‘सुडो ईव्हीटेस्ट’ चालवा. उपकरणांची यादी येईल, त्यात पेनाचं नाव शोधून त्याचा क्रमांक द्या. पेन झोपलेलं असेल तर यादीत दिसणारच नाही, म्हणून आधी एक टिचकी मारून घ्या. आता परत बटण दाबा. ओळी सरसर येतील. त्यांत ‘एमएससी-स्कॅन’ असं लिहिलेल्या ओळीच्या शेवटी जो आकडा असतो, तो आपल्याला हवा. एफ-२० साठी तो सात-शून्य-शून्य-सहा-एफ असा असतो. एफ-१९ साठी शेवटी सहा-ई, एफ-१८ साठी सहा-डी. आणि सोबत येणाऱ्या डाव्या विंडोज बटणासाठी सात-शून्य-शून्य-ई-तीन. तुमचं पेन दुसऱ्या कंपनीचं असेल आणि वेगळे आकडे दाखवत असेल, तर तुमचेच आकडे खरे. काम झालं की कंट्रोल-सी दाबून बाहेर पडा.

याच छपाईच्या सुरुवातीला पेनाची ओळखही येते: बस, व्हेंडर, प्रॉडक्ट. ब्लूटूथची बस नेहमी पाच असते. व्हेंडर आणि प्रॉडक्टचे आकडे कागदावर उतरवून घ्या.

आता फाईल. ‘ईटीसी’ या फोल्डरात ‘यूडेव्ह’, त्यात ‘एचडब्ल्यूडीबी डॉट डी’. तिथे ‘९०-पेन डॉट एचडब्ल्यूडीबी’ अशी नवी फाईल सुडो वापरून तयार करा. पहिली ओळ उपकरणाची ओळख सांगते: ‘ईव्हीडेव्ह’, विसर्गासारखी दोन टिंबं, ‘इनपुट’, पुन्हा दोन टिंबं, मग ‘बी’ आणि शून्य-शून्य-शून्य-पाच, लगेच ‘व्ही’ आणि व्हेंडरचा चार अंकी आकडा, लगेच ‘पी’ आणि प्रॉडक्टचा चार अंकी आकडा, शेवटी तारांकित फुली. मध्ये कुठेही मोकळी जागा नाही. आकडा चारपेक्षा कमी अंकांचा दिसला तर पुढे शून्यं लावून चार करा. बी, व्ही, पी ही अक्षरं छोटी, पण आकड्यांच्या आत ए ते एफ यांपैकी अक्षर असेल तर ते इथे मोठं लिहायचं. ईव्हीटेस्ट ते छोटं दाखवतं. माझी अर्धी संध्याकाळ त्यात गेली.

त्याखालच्या ओळी भाषांतराच्या. प्रत्येक ओळीची सुरुवात एका मोकळ्या जागेने झाली पाहिजे. ती जागा दिसायला क्षुल्लक, पण नसेल तर ओळ कामाची राहत नाही. मग मोठ्या अक्षरांत ‘कीबोर्ड’, अधोरेषा, ‘की’, अधोरेषा, त्याला चिकटून तो पाच अंकी आकडा (यातलं अक्षर मात्र छोटंच), बरोबरचं चिन्ह, आणि ज्या बटणात भाषांतर करायचं त्याचं नाव छोट्या अक्षरांत.

काकूंसाठी आम्ही काय ठरवलं ते सांगतो. एका टिचकीला पुढचं पान, म्हणून सहा-एफच्या पुढे ‘पेजडाउन’, एकच शब्द. दाबून धरल्यावर मायक्रोफोन बंद-चालू, कारण बाजूला कुकरची शिट्टी झाली की त्यांची धांदल उडते. त्यासाठी सहा-डीच्या पुढे चक्क ‘एफ२०’ लिहिलं. मघाची ती उसनवारी इथे उपयोगी पडली! दोन टिचक्यांना त्यांची स्वतःची आज्ञा, म्हणून सहा-ईच्या पुढे ‘प्रॉग१’: पी, आर, ओ, जी, एक. हे ‘लाँच’ गटातलं बटण आहे. ते सहसा रिकामंच असतं आणि डेस्कटॉपला ओळखता येतं.

फाईल जतन केल्यावर ‘सुडो सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट’ चालवायचं, म्हणजे तक्ता नव्याने बांधला जातो. मग संगणक एकदा बंद करून चालू करा. जाणकार मंडळी पेनाची जोडणी तोडून पुन्हा जोडतात, तेवढ्यानेही भागतं.

आम्ही हे सगळं केलं, काकूंनी टिचकी मारली, आणि पानाऐवजी अख्खी खिडकीच गायब झाली. “बाळा, माझा वर्ग कुठे गेला?” चूक माझी होती. एफ-२० चं भाषांतर झालं, पण त्याच्यासोबत येणारं विंडोज बटण तसंच राहिलं. म्हणजे संगणकाला मिळालं ‘मेटा आणि पेजडाउन’, आणि केडीईमध्ये त्याचा अर्थ खिडकी खाली दडवणं. ग्नोममध्ये असतं तर शेजारच्या कार्यपटलावर उडी मारली असती. म्हणून आणखी एक ओळ लागते: ई-तीनच्या आकड्यापुढे ‘रिझर्व्ह्ड’. त्याने पेनाकडून येणारं विंडोज बटण गिळून टाकलं जातं, फक्त पेनाकडून आलेलं. कीबोर्डवरचं तसंच चालू राहतं. पुन्हा अपडेट, पुन्हा टिचकी, आणि पान उलटलं.

ही ओळ घालताना एक सावधगिरी. विंडोज बटण काढून टाकलंत आणि एफ-२० चं भाषांतर करायचं राहिलं, तर एका टिचकीला निव्वळ ‘मायक्रोफोन बंद’ होईल. तुम्ही बोलत राहाल आणि समोरच्याला ओठ हलताना दिसतील.

राहिली ती दोन टिचक्यांची आज्ञा. काकूंना हवं होतं असं: पडद्यावर जे लिहिलंय त्याचं चित्र त्या दिवशीच्या तारखेने जतन व्हावं, म्हणजे गैरहजर मुलांच्या पालकांना पाठवता येईल. त्यासाठी घरच्या फोल्डरात एक छोटी स्क्रिप्ट फाईल केली. त्यात केडीईचं चित्र टिपायचं साधन, ‘स्पेक्टॅकल’, पार्श्वभूमीत चालवून पूर्ण पडद्याचं चित्र तारीख-वेळेच्या नावाने साठवायची एक ओळ. फाईलला ‘चालवण्यायोग्य’ अशी परवानगी दिली. मग सिस्टम सेटिंग्जमध्ये शॉर्टकट, नवी आज्ञा जोडा, फाईलचा पूर्ण पत्ता द्या, आणि बटण विचारल्यावर पेनाला दोन टिचक्या मारा. तिथे ‘लाँच’ आणि एखादा आकडा असं नाव दिसतं. आकडा एक नसून दुसराच दिसला तरी गोंधळू नका, नाव देण्याची रीत वेगळी आहे एवढंच. ग्नोममध्ये हीच सोय कीबोर्डच्या सेटिंगमध्ये, स्वतःचे शॉर्टकट या भागात मिळते. आज्ञा थेट त्या चौकटीत लिहिण्याऐवजी स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता द्या असं मी मुद्दाम म्हणतो. ग्नोम ती आज्ञा शेलमार्फत चालवत नाही, त्यामुळे घरच्या फोल्डरची टिल्ड खूण किंवा दोन आज्ञा जोडणारी उभी रेघ तिथे चालत नाही आणि चुकीचा संदेशही येत नाही. नुसतं काहीच घडत नाही.

स्क्रिप्टमध्ये तुम्ही हवं ते घालू शकता. एक श्रोते भजनाच्या मंडळासाठी पेटीचे सूर वाजवायला ठेवणार आहेत म्हणे. फक्त काही पुसणारी, पाठवणारी किंवा संगणक बंद करणारी आज्ञा ठेवू नका. पेन पिशवीत पडलं की बटण कशालाही घासून दाबलं जातं, आणि शेजारच्या खोलीतूनही त्याचा निरोप पोहोचतो.

दोन किरकोळ गोष्टी. थोडा वेळ पेन वापरलं नाही तर पहिली टिचकी कधीकधी त्याला जागं करण्यातच खर्च होते. काकू वर्ग सुरू व्हायच्या आधी एक टिचकी मारून ठेवतात. आणि हे सगळं नको झालं, तर ती ९०-पेन नावाची फाईल काढून टाका, अपडेटची आज्ञा पुन्हा चालवा, संगणक परत सुरू करा. सगळं होतं तसं.

गेल्या रविवारी काकूंनी ‘ट’ ते ‘ण’ एका वर्गात घेतले. ‘ण’ला मुलं नेहमीप्रमाणे अडखळली. मागचं पान दाखवायची सोय मात्र अजून झालेली नाही, कारण बटणाच्या तिन्ही तऱ्हा संपल्या. पेनाच्या अंगावरचं बटण त्यासाठी लावता येईल का ते पाहतोय. काकू म्हणतात, तोवर मुलांनी एकदाच नीट बघावं.